टेंबे साहेबांचा गुडघा

बाळकृष्ण टेंबे खोटं बोलल्याचं त्यांच्या बायकोला, शालिनीबाईंना, कधी आठवत नव्हतं. मुळात ते बोलायचेच कमी. ऑफिसातून आले की चहा, मग पेपर, मग मागच्या अंगणातल्या वाफ्याला पाणी. काही विचारलं तर उत्तर मिळायचं, तेही मोजकं. पण जे मिळायचं ते पक्कं असायचं. "सातला येतो" म्हणाले तर सातला सायकलची घंटा वाजायचीच.

माणूस कऱ्हाडचा. डिप्लोमा करून काही वर्षं साखर कारखान्यात काढली. चंदीगडला बॉयलर तपासणीच्या सरकारी खात्यात जागा निघाल्या तेव्हा अर्ज केला आणि लागले. सदुसष्ट साली बायको, पाच वर्षांची पद्मजा आणि दोन ट्रंका घेऊन इथे उतरले. तेव्हा झाडं कमरेएवढी होती आणि रस्ते एवढे रुंद, की पलीकडच्या माणसाला हाक मारावी की नुसता हात करावा असा शालिनीबाईंना प्रश्न पडायचा. सेक्टर वीसमध्ये तळमजल्याचं सरकारी घर मिळालं. तीन-चार वर्षांनी बदली होईल, परत जाऊ, असं म्हणता म्हणता झाडांची सावली रस्त्यावर पडायला लागली, आणि पद्मजा आईच्या मराठीला हिंदीतून उत्तरं द्यायला लागली.

टेंब्यांचं काम बॉयलरच्या पोटात शिरायचं. कारखान्यातला बॉयलर दरवर्षी थंड करून, रिकामा करून उघडतात. वरच्या भोकातून आत उतरायचं, हातात दिवा आणि हातोडी घेऊन गुडघ्यांवर रांगत पत्रा न् पत्रा ठोकून बघायचा, कुठे गंज धरलाय, कुठे चीर पडलीय. संध्याकाळी घरी आले की कानांत, केसांत, नखांत काजळी. शालिनीबाई पाण्याची बादली भरून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या ऑफिसात खुर्ची नाही का हो?"

"आहे. पण बॉयलर खुर्चीवर येत नाही."

एवढाच त्यांचा विनोद.

पुढे गुडघा दुखायला लागला. डावा. चौऱ्याहत्तरच्या थंडीत एकदा लंगडत घरी आले होते, शिडीवरून पाय घसरला म्हणाले होते. लेप लावला, शेक दिला, महिन्याभरात चालायला लागले. पण तो गुडघा काही धड झाला नाही. आधी जिना उतरताना कळ यायची, मग सपाट रस्त्यावर, मग नुसतं उठता-बसताना. पाय आतल्या बाजूनं वाकडा दिसायला लागला. तरी माणूस कामावर जातच होता. एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात एके सकाळी बाथरूममध्ये त्यांना उठताच येईना, तेव्हा शालिनीबाईंनी शेजारच्यांची गाडी मागून त्यांना सरळ मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथे नशिबानं डॉक्टर मराठी निघाले. डॉक्टर हेरंब परचुरे, मूळचे पुण्याचे, विलायतेत शिकून आलेले. एक्स-रेचा फोटो उजेडापुढे धरून म्हणाले, "बाहेरची अर्धी बाजू चांगली आहे. आतली अर्धी झिजून हाडाला हाड लागलंय. एखाद्या जुन्या दुखापतीतून सुरू झालेलं दिसतंय. अख्खा सांधा काढायची गरज नाही. तेवढाच अर्धा बदलू. वरच्या हाडाला धातूची वाटी, खालच्याला प्लास्टिकची चकती."

"अर्धा गुडघा?" शालिनीबाईंना ते खरंच वाटेना. दात बदलतात, चष्मा बदलतात, पण माणसाचा अर्धा गुडघा?

"अर्धाच. आणि बघा वहिनी, साहेब पहिल्यासारखे होतील. काय टेंबेसाहेब, परत बॉयलरमध्ये शिरायचंय ना?" डॉक्टर हसून म्हणाले. बरोबरचे शिकाऊ डॉक्टरही हसले. टेंबे हसले नाहीत, पण ते कधीच हसत नसत, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

ऑपरेशन छान झालं. टाके सुकले, ताप नाही, सूज नाही. जाड बँडेज उतरलं आणि कांचन नावाची बाई रोज व्यायाम करून घ्यायला यायला लागली. धिप्पाड, मोठ्या आवाजाची, हाताला मात्र लोण्यासारखी मऊ. टाचेखाली टॉवेल ठेवून ती म्हणायची, "सरकाओ जी, एड़ी अपनी तरफ़ सरकाओ. शाबाश." टेंबे पाय सरकवायचे. थोडा वाकायचा आणि मग थांबायचा, दाराला आतून कडी लावावी तसा.

"दर्द होता है?"

"नहीं."

"फिर?"

"नहीं मुड़ता."

घरी आले तरी तेच. कुबड्या घेऊन डावा पाय काठीसारखा सरळ ठेवून चालायचे. खुर्चीत बसले की तो पाय पुढे स्टुलावर. शालिनीबाई सकाळ-संध्याकाळ मिठाच्या गरम पिशवीनं शेकायच्या, मांडी चोळायच्या. बघता बघता ती मांडी बारीक होत चालली होती. त्या देवीला नवस बोलल्या, गुरुवार धरला. आठवड्यातून तीनदा रिक्षानं इस्पितळात न्यायच्या, कांचन घाम गाळायची, आणि गुडघा होता तिथेच. पावसाळा संपला. ऑफिसातून दोनदा माणूस येऊन विचारून गेला, साहेब कधी रुजू होणार.

शेवटी डॉक्टर परचुरे म्हणाले, "आत चिकटलं असणार. भूल देऊन गुडघा वाकवून घेऊ. चिरफाड काही नाही. चिकटलेलं सुटलं की पुढे व्यायामानं टिकवायचं."

त्या सकाळी शालिनीबाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पद्मजा कॉलेज बुडवून बरोबर आली होती. दार उघडून डॉक्टर इतक्या लवकर बाहेर आले, की शालिनीबाई ताडकन उठल्या. काहीतरी वाईट झालं.

"वहिनी, जरा आत या. एकट्याच या."

आतल्या खोलीत टेंबे चाकांच्या स्ट्रेचरगाडीवर निजले होते. भुलीत होते अजून. तोंड अर्धवट उघडं, दाढीचे खुंट वाढलेले. एवढा म्हातारा त्यांना नवरा कधी दिसला नव्हता. डॉक्टरांनी चादर बाजूला केली. एक हात मांडीखाली घातला, दुसऱ्यानं घोटा धरला आणि पाय उचलला.

गुडघा वाकला.

जोर नाही, कट्कन आवाज नाही, काही नाही. लहान मुलाला अंघोळ घालताना त्याचा पाय दुमडावा तसा अलगद वाकला, आणि टाच जवळजवळ बैठकीपर्यंत आली. डॉक्टरांनी सरळ केला, पुन्हा वाकवला.

"मला काहीच करावं लागलं नाही," डॉक्टर हळू म्हणाले. "कुठेही चिकटलेलं नाही. इतके आठवडे न वाकवलेला गुडघा असा राहूच शकत नाही, वहिनी. हा गुडघा अधूनमधून वाकतोय. फक्त आपल्यासमोर वाकत नाहीये."

शालिनीबाईंनी गाडीची कड धरली. डॉक्टर काय म्हणताहेत ते शब्दाशब्दानं कळत होतं, पण सगळं मिळून डोक्यात शिरत नव्हतं. त्या म्हणाल्या, "परत करून दाखवा." डॉक्टरांनी दाखवलं. त्या म्हणाल्या, "हा डावाच आहे ना?" आणि आपणच वाकून व्रण पाहिला.

बाहेर आल्यावर पद्मजानं विचारलं, "मम्मी, क्या हुआ? पापा ठीक हैं?"

"ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "पाय वाकतोय."

"तो रो क्यों रही हो?"

आपण रडतोय हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं.

दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. ताट वाढलं, पाणी दिलं, पण शेकायची पिशवी फडताळातच राहिली. इस्पितळाखेरीज घराबाहेर न पडणारा, पायावर उभा राहताना तोंड वेडंवाकडं करणारा हा माणूस आपल्याशी नाटक करत होता? कशासाठी? ऑफिसात काही भानगड? कामाचा कंटाळा? ज्या माणसानं तापात कधी रजा टाकली नाही तो? विचार करकरून त्यांचं डोकं बधिर झालं. पोळ्या करताना तव्यावर एक पोळी जळून कोळसा झाली आणि ते त्यांना धूर घरभर झाल्यावर कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पद्मजा कॉलेजला गेली होती. टेंबे मागच्या अंगणात उन्हाला बसले होते, पाय स्टुलावर. शालिनीबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, स्टूल काढते मी."

ते बघत राहिले. शालिनीबाईंनी स्टूल ओढलं. पाय हवेत तसाच राहिला, सरळ, थरथरत.

"डॉक्टरांनी मला दाखवलंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही भुलीत होतात तेव्हा."

पाय हळूहळू खाली आला. वाकला आणि जमिनीला टेकला. टेंब्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शालिनीबाईंना वाटलं होतं आपण आता ताडताड बोलू, पण लग्नाच्या नवऱ्याला असं तोंड लपवून बसलेलं बघून त्या तिथेच पायरीवर बसल्या.

हात खाली घेऊन टेंबे बोलले. "तू देवळात गेलीस की मी वाकवून बघायचो. पहिल्यांदा वाकला तेव्हा आनंद झाला. खरंच झाला. आणि लगेच असा घाम फुटला, की अंगातला बनियन भिजला."

"का पण?"

"वाकला म्हणजे परत आत जायचं."

"कुठे आत?"

"बॉयलरमध्ये."

मग त्यांनी सांगितलं. थांबत थांबत, अंगणातल्या मातीकडे बघत. चौऱ्याहत्तरच्या थंडीत ते शिडीवरून पडलेच नव्हते. चंदीगडजवळच्या खरड गावाच्या बाजूला कापड रंगवायचा एक कारखाना होता. दोन बॉयलर शेजारी शेजारी, एक चालू, एक तपासणीसाठी उघडलेला. बॉयलरच्या तळाशी गाळ साचतो, तो अधूनमधून वाफेच्या जोरानं बाहेर सोडतात. दोन्ही बॉयलरच्या गाळाचा पाइप एकच होता. आत माणूस उतरण्याआधी त्या पाइपात लोखंडी चकती घालून वाट बंद करायची असते. कारखान्याचा इंजिनियर म्हणाला, घातलीय. घातली नव्हती.

"मी तळाला होतो. खाली पोटावर, आगीच्या दोन मोठ्या नळांच्या खाली. तिथे वळताही येत नाही. तेवढ्यात पलीकडचा बॉयलर चालवणाऱ्या फायरमननं गाळ सोडला. त्याला काय माहीत? आधी आवाज आला. मग गरम चिखल आणि वाफ. दिवा गेला. काही दिसेना. मी मागे मागे रांगायला लागलो तर पाय नळात आणि पत्र्यात अडकला. हा पाय. ओढला तरी निघेना. वाफ वर चढत होती. तेव्हा मी तो... मी तो पिळून काढला, शालिनी. गुडघ्यात काहीतरी फाटलं ते मला ऐकू आलं."

शालिनीबाईंनी तोंडावर पदर धरला होता.

"बाहेर आलो तर तो फायरमन, कृष्णा नाव त्याचं, माझ्या पायावर पडला. अहवालात खरं लिहिलं असतं तर इंजिनियर सुटला असता आणि कृष्णा तुरुंगात गेला असता. म्हणून शिडी म्हटलं. तिथेही, घरीही. आणि मी वाचलो होतोच ना? विषय संपला असं मला वाटलं."

"संपला नाही."

"पुढच्या बॉयलरला गेलो. भोकात पाय घातला आणि कानात तोच आवाज. तरी उतरलो. तेव्हापासून प्रत्येक वेळी. उतरायच्या आदल्या दिवसापासून पोटात अन्न ठरायचं नाही."

"पित्त म्हणायचात तुम्ही!" शालिनीबाई ओरडल्याच. शेजारच्या अंगणातल्या बाईंनी भिंतीवरून डोकावून पाहिलं. "सात वर्षं मी तुम्हाला आवळ्याचं चूर्ण देत होते! सात वर्षं तुम्ही मरणाच्या तोंडात उतरत होतात आणि मी घरी बादल्या भरत होते?"

त्यांना आता त्या सगळ्या सकाळी आठवायला लागल्या. न खाता बाजूला सारलेले पोहे. दारात उगाच रेंगाळून पद्मजाच्या डोक्यावरून फिरवलेला हात. त्या त्याला नवऱ्याचा मायाळूपणा समजत होत्या.

दुसऱ्याच दिवशी त्या रिक्षा करून एकट्या इस्पितळात गेल्या आणि डॉक्टर परचुऱ्यांच्या खोलीत, रांगेतल्या लोकांची माफी मागत, घुसल्या. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

"पण वहिनी, या गुडघ्यावर रांगायचं नसतं! हा सांधा चालायला आहे, जिना चढायला आहे. बॉयलरमध्ये जायला मीच कधी परवानगी दिली नसती."

"तुम्ही म्हणाला होतात. सगळ्यांच्या देखत. पहिल्यासारखे व्हाल, परत बॉयलरमध्ये शिराल."

"मी?" डॉक्टर आठवायला लागले. आठवलं तसा त्यांचा चेहरा उतरला. "अहो, ते मी गमतीनं... धीर द्यायला म्हणतो आम्ही तसं काहीतरी."

"त्यांनी ते खरं धरलं," शालिनीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तिथल्या तिथे लिहून दिलं की रुग्णानं यापुढे गुडघे टेकण्याचं, रांगण्याचं, अरुंद जागी उतरण्याचं काम करू नये. शालिनीबाईंनी कागद पर्समध्ये ठेवला. घरी येऊन नवऱ्याच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "हे मी आधीच विचारलं असतं तर मिळालं असतं?"

"हो."

ते कसंनुसं हसले. शालिनीबाईंना ते हसू बघवेना.

आता सगळं सुरळीत होईल असं कोणालाही वाटलं असतं. पण इस्पितळात कांचनसमोर बसले, टाच सरकवायला लागले, आणि गुडघा पूर्वीच्याच जागी थांबला. टेंब्यांच्या कपाळावर शिरा ताठल्या. "मी धरत नाहीये," ते शालिनीबाईंना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात घाबरलेपण होतं. "शपथ. मी सोडलाय. तोच धरतोय."

आता यांच्यावर विश्वास ठेवायचा की नाही? शालिनीबाईंना क्षणभर कळेना. मग त्यांनी नवऱ्याच्या मांडीवर हात ठेवला. आतले स्नायू दोरखंडासारखे ताणलेले होते आणि फडफडत होते. हे नाटक नव्हतं. इतके आठवडे शिकवलेलं पाय आता विसरत नव्हता.

कांचननं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिला डॉक्टरांनी कल्पना दिली असावी. तिनं टॉवेल गुंडाळून ठेवला आणि टेंब्यांना उंच टेबलाच्या कडेला बसवलं, डावा पाय आपल्या तळहातावर तोलून धरला.

"आज कसरत नहीं. आज आप मुझे ये बताओ जी, ये बॉयलर होता क्या है? मैंने तो कुकर ही देखा है."

टेंबे आधी एका वाक्यात सांगून मोकळे झाले. तिनं पुन्हा विचारलं. आग कुठे असते? पाणी कुठे? माणूस मावतो कसा? मग ते हातांनी दाखवायला लागले. हा गोल, हे दोन नळ, इथून आग जाते, हे वरचं भोक. त्यांची हिंदी मोडकी होती, ती मोडत मोडत चालली. बोलता बोलता ते त्या कापडाच्या कारखान्यापर्यंत आले आणि थांबले. कांचननं नुसती मान हलवली. ते पुढे बोलले. पाइप, चिखल, वाफ, सगळं. कांचनचा हात इंचाइंचानं खाली जात होता, आणि त्याच्याबरोबर पाय. शालिनीबाईंनी ते पाहिलं आणि श्वास रोखून धरला, आपल्या श्वासानंही काही बिघडेल अशी त्यांना भीती वाटली.

"...और फिर मैं बाहर आ गया," टेंबे म्हणाले. कांचननं हात काढून घेतला. पाय टेबलावरून सरळ खाली लोंबत होता, शेजारच्या पायासारखाच. टेंब्यांनी खाली पाहिलं आणि एकदम हुंदका दिला. कांचननंही डोळे पुसले आणि मग मोठ्या आवाजात म्हणाली, "चलो जी, अब कल से असली मेहनत!"

मेहनत खरंच झाली. बारीक झालेली मांडी भरायला हिवाळा गेला. पायाला वाळूची पिशवी बांधून उचलायचं, जागच्या जागी असलेली सायकल मारायची, जिन्याची एकेक पायरी आधी चांगल्या पायानं चढायची आणि उतरताना नवा पाय पुढे. काही दिवशी गुडघा पुन्हा अडायचा. मग शालिनीबाई शेजारी बसून म्हणायच्या, "बोला," आणि ते बोलायचे. वीस-बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी जेवढं सांगितलं नव्हतं तेवढं त्या हिवाळ्यात सांगितलं. कधीकधी शालिनीबाईंना ऐकवायचं नाही, त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या, आणि ओट्याला टेकून थोडा वेळ उभ्या राहून परत यायच्या.

फेब्रुवारीत टेंबे कामावर रुजू झाले. आत उतरायला तरुण इन्स्पेक्टर, टेंबे बाहेर. ते काय करायचे, तर माणूस आत उतरण्याआधी पाइप स्वतः उघडायला लावायचे आणि लोखंडी चकती बोटांनी चाचपून बघायचे. कारखानेवाले वैतागायचे. तास-तास जायचा. ते ऐकायचे नाहीत.

एकदा शालिनीबाई म्हणाल्या, "मला बॉयलर बघायचाय."

"काय बघायचंय त्यात?"

"मला बघायचाय."

तर ते त्यांना एका रविवारी इंडस्ट्रियल एरियातल्या एका बंद कारखान्यात घेऊन गेले. चौकीदारानं दिवा आणून दिला. थंडगार, काळा, खोलीएवढा लांब बॉयलर पसरलेला होता. टेंब्यांना आता शिडी चढता येत होती. एक हात कठड्याला, चांगला पाय आधी. मागून शालिनीबाई, पदर खोचून. वर गोल-लांबट भोक होतं. त्यांना वाटलं हे खिडकीसारखं काहीतरी असेल, दरवाजा दुसरीकडे असेल.

"दार कुठाय?"

"हेच."

त्या भोकाकडे बघत राहिल्या. त्यातून परातसुद्धा आडवी गेली नसती. त्यांनी गुडघे टेकले आणि डोकं आत घातलं. गंजाचा, जळक्या पाण्याचा वास आला. अंधार इतका घट्ट, की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते समजेना. त्या "अहो" म्हणाल्या, तर तो आवाज आतून दुसऱ्याच कोणाचा होऊन परत आला. त्यांनी झटकन डोकं बाहेर काढलं. चेहरा पांढरा पडला होता, कपाळाला काजळी लागली होती. कितीतरी वेळ त्या तिथेच, थंड पत्र्यावर, नवऱ्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून बसून राहिल्या. खाली चौकीदार किल्ल्या वाजवत उभा होता.